दाण्याच्या मागे मागे

गडचिरोलीकडच्या एखाद्या टोल्यावर हिवाळ्यात मुक्काम पडला, तर पहाटे साडेचारला जाग येतेच. आधी आपण ज्या घरी झोपलो आहोत त्या घरचा कोंबडा आरवतो, मग शेजारचा, मग नाल्यापलीकडचा. हा गलका जरा ओसरला, की गावाबाहेरच्या साग-मोहाच्या झाडीतून आणखी एक आवाज येतो. तोही आरवल्याचाच, पण शेवटचा सूर ओढलेला नसतो. वाक्य मध्येच तोडून टाकल्यासारखं ते आरवणं असतं. पाहुण्याला वाटतं, कुणाचा तरी कोंबडा रात्री बाहेर राहिला. घरचं माणूस कूस बदलून सांगतं, "रानचा हाये तो," आणि पुन्हा झोपतं.

पाहुण्याला मात्र झोप लागू नये, असाच हा प्रकार आहे. एक पक्षी डालग्याखालून ओरडतो आहे आणि त्याचा हजारो वर्षांपूर्वीचा भाऊबंद अर्ध्या कोसावरून उत्तर देतो आहे. गाईचा रानटी पूर्वज जगातून नाहीसा झाला. घोड्याचाही झाला. कोंबडीचा मात्र अजून आहे, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात तर तो गावाच्या शेजारी राहतो.

आधी त्या आरवण्याचंच बघू. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं आपण म्हणतो. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३मध्ये जवळपास हाच प्रयोग उलट बाजूने केला. कोंबडे सतत मंद उजेडात ठेवले, पहाट त्यांना दिसूच दिली नाही. तरीही ते ठरल्या वेळेला आरवत राहिले. उजाडण्याची चाहूल त्यांना बाहेरून लागत नाही, शरीरातलं घड्याळ ती देतं. त्याच संशोधकांनी दोन वर्षांनी आणखी एक गंमत दाखवली. एका कळपात पहिली बांग देण्याचा मान सगळ्यांत वरच्या कोंबड्याचा असतो. तो आरवल्यावर दुसऱ्या क्रमांकाचा, मग तिसऱ्याचा. वरचा उचलून नेला तर दुसरा त्याची जागा घेतो. लग्नाच्या पंगतीत कोण आधी बसणार यावरून आपल्याकडे रुसवेफुगवे होतात. कोंबड्यांचं रोज पहाटे बिनबोभाट ठरतं. बिनबोभाट म्हणजे अर्थात मारामाऱ्या आधीच होऊन गेलेल्या असतात.

आता तो रानातला. रानकोंबड्यांच्या जगात चारच प्रजाती आहेत. एक श्रीलंकेत, एक जावा आणि आसपासच्या बेटांवर, आणि दोन भारतात. लाल रानकोंबडा हिमालयाच्या पायथ्यापासून पूर्व भारतातून पुढे थेट आग्नेय आशियापर्यंत पसरला आहे. राखी रानकोंबडा फक्त भारताचा, मध्य आणि दक्षिणेकडच्या रानांतला. ढोबळ हिशेब असा, की जिथे सालाचं रान तिथे लाल आणि जिथे सागाचं तिथे राखी. गडचिरोलीचं सागाचं रान पूर्वेला बस्तरच्या सालवनाकडे सरकत जातं आणि दक्षिणेला गोदावरीला टेकतं. याच टापूत दोघांच्या हद्दी एकमेकींना लागतात. दोन भावांची शेतं जिथे लागून असतात त्या धुऱ्यावरच जणू ही गावं वसली आहेत.

डार्विनने सांगून ठेवलं होतं, की जगातल्या सगळ्या पाळीव कोंबड्या एकट्या लाल रानकोंबड्यापासून झाल्या. बराचसा तो बरोबर होता. २०२०मध्ये ८६३ कोंबड्या-रानकोंबड्यांच्या जनुकांचा पट मांडून अभ्यासकांनी दाखवलं, की पाळीव कोंबडीचं सगळ्यांत जवळचं नातं लाल रानकोंबड्याच्या एका उपजातीशी आहे. तिचं रान चीनच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, उत्तर थायलंडमध्ये आणि म्यानमारमध्ये. मग २०२२मध्ये दुसऱ्या एका गटाने जगभरच्या सहाशेहून अधिक ठिकाणची जुनी हाडं तपासली. नक्की पाळीव म्हणता येतील अशी सर्वांत जुनी हाडं निघाली थायलंडमधल्या बान नॉन वाट या जागी, इसवी सनापूर्वी साधारण १६५० ते १२५० या काळातली. आपण समजत होतो त्याहून हे बरंच अलीकडचं. पण थक्क करते ती पुढची गोष्ट: कोंबडी कुठे कुठे आणि कधी पोचली याचा नकाशा बराचसा धानाच्या आणि भरडधान्यांच्या शेतीच्या नकाशावर बसतो. रान साफ करून कुणीतरी साचलेल्या पाण्याविना वाढणारं धान पेरलं, मळणीला दाणे सांडले, आणि झाडावर झोपणारा, पाचोळा उकरून पोट भरणारा एक लाजरा पक्षी त्या दाण्यांच्या मागे मागे गावाच्या कडेला आला. त्याला पकडून आणायला कुणी रानात गेलं नव्हतं. तो आला आणि माणसाने त्याला हाकललं नाही.

थायलंडची ही गोष्ट भामरागडच्या माणसाला सांगितली तर त्याला तीत नवल वाटायचं नाही. माडिया लोक पूर्वी डोंगरउतारावरच्या रानाचा तुकडा तोडून, वाळवून, जाळून त्या राखेत पेरत. या शेतीला ते 'पेंडा' म्हणत. चारी बाजूंना रान, मध्ये उघडी राख, तिच्यावर कुटकी किंवा धान. रानकोंबड्याला यापेक्षा चांगलं आमंत्रण काय द्यायचं? आजही कापणीनंतर बांधीत पडलेलं धान टिपायला पहाटे रानातून कोण कोण येऊन जातं, ते मातीतल्या पावलांवरून कळतं.

मात्र डार्विनचं एका बाबतीत चुकलं, आणि ती चूक पकडली गेली कोंबडीच्या पायांवरून. बाजारातल्या कोंबडीचे पाय पाहा. काहींचे पांढुरके असतात, पुष्कळांचे पिवळे. हा पिवळा रंग कोंबडी स्वतः तयार करत नाही. मका, हिरवा पाला यांतून तो येतो. पांढऱ्या कातडीच्या कोंबडीत एक विकर, म्हणजे एन्झाइम, तो रंग मोडून टाकतं. पिवळ्या कातडीच्या कोंबडीत तेच विकर कातडीपुरतं झोपलेलं असतं, म्हणून रंग साठत जातो. २००८मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी या झोपेला कारणीभूत असलेला जनुकाचा तुकडा शोधला, आणि तो लाल रानकोंबड्याचा निघालाच नाही. तो निघाला राखी रानकोंबड्याचा, आपल्या सागवनातल्या भारतीय पक्ष्याचा. केव्हातरी गावातली एक कोंबडी रानाच्या कडेला चरायला गेली, तिथे तिला राखी नवरा भेटला, आणि त्यांच्या लेकरांचे पाय पिवळे झाले. आज न्यूयॉर्कच्या दुकानात टांगलेल्या पिवळ्या कोंबडीच्या अंगावरही भारतातल्या रानाची ही सही आहे.

आता अंड्याकडे येऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

गावठी कोंबडीचं अंडं लहान असतं, पण तिच्या शरीराच्या मानाने ते अवाढव्य काम आहे. एक अंडं तयार व्हायला साधारण २५ तास लागतात आणि त्यातले वीसेक तास एकट्या कवचाला. कवचात दीड-दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. एवढुसं वाटतं, पण कोंबडीच्या अख्ख्या सांगाड्यातल्या कॅल्शियमचा जवळपास दहावा भाग होतो. कवच मुख्यतः रात्री बनतं, आणि रात्री तर कोंबडी उपाशी झोपलेली. मग चुना येतो कुठून? तिच्या पायांच्या हाडांतून. अंड्यावर आलेल्या मादीच्या लांब हाडांच्या पोकळीत एक खास भुसभुशीत हाड तयार होतं. ती तिची चुन्याची ढोली. दिवसा भरायची, रात्री उपसायची. नाल्याकाठच्या गोगलगाई, शिंपल्यांचे तुकडे, चुलीजवळ टाकलेली अंड्यांचीच कवचं हे सगळं कोंबडी वेड्यासारखं वेचून खाते, त्याचं कारण हे. आणि गोष्ट इथे संपत नाही. पिल्लू अंड्यात वाढतं तेव्हा स्वतःच्या हाडांसाठी लागणारं बहुतेक कॅल्शियम ते कवचातूनच ओढून घेतं. आईच्या हाडाचं कवच झालं, कवचाचं लेकराचं हाड झालं. कवच आतून झिजल्यामुळे फोडायलाही सोपं होतं. एकाच चुन्यावर केवढा संसार!

ते भुसभुशीत हाड आजच्या इतर प्राण्यांत आढळत नाही, पक्ष्यांच्या माद्यांत आढळतं. म्हणून अमेरिकेत मोंटाना राज्यात सापडलेल्या टायरानोसॉरसच्या मांडीच्या हाडात २००५मध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ मेरी श्वाइट्झर यांना तसंच हाड दिसलं, तेव्हा खळबळ उडाली. तो डायनोसोर मादी होता आणि अंड्यावर आला होता. पक्षी हे डायनोसोरांच्याच एका शाखेचे वंशज आहेत, हे आता शाळेतली पोरंही सांगतात. पण गडचिरोलीत हे वाक्य जमिनीवर उतरतं. सिरोंचा तालुक्यात वडधामला जीवाश्म उद्यान आहे. तिथे दगड झालेली झाडं आणि डायनोसोरांची हाडं मिळाली. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या त्या ज्युरासिक थरांना भूगर्भशास्त्रात नाव पडलं ते सिरोंचाजवळच्या कोटा गावावरून. नदीपलीकडे, आजच्या तेलंगणात, याच थरांतून एका प्रचंड शाकाहारी डायनोसोरचा सांगाडा निघाला. उत्खनन रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास झालं, म्हणून त्याचं नाव ठेवलं 'बारापासॉरस टागोराय'. बंगालीत 'बारा पा' म्हणजे मोठा पाय. कोंबडी काही त्याची थेट नात नाही, ती दुसऱ्या शाखेची. पण चुलत घराणं म्हणायला हरकत नाही. सिरोंच्याच्या अंगणात पंजाने माती उकरणाऱ्या कोंबडीच्या खाली, काही हात खोल, अठरा कोटी वर्षांपूर्वीचे तिचे चुलत आजोबा झोपले आहेत. 'आधी कोंबडी की आधी अंडं' हा वादही इथेच मिटवून टाकायला हवा. अंडं, कोट्यवधी वर्षांनी आधी.

उन्हाळ्यात मात्र हा कारखाना बिघडतो. चंद्रपूरचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला पारा सांगायची गरज नाही. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. ती चोच उघडून धापा टाकते आणि तोंडातल्या ओलाव्याने अंग थंड करते. पण धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, आणि कवच बनायला लागतो त्याच्याच साखळीतला कार्बोनेट. तो कमी पडला की कवच पातळ होतं. उन्हाळ्यातली अंडी हातात पिचतात, असं बायका सांगतात ते यामुळे. दुसरं दुखणं याहून वाईट. फळलेलं अंडं थंड जागी असेल तर आतलं पिल्लू वाढायला सुरुवातच करत नाही, थांबून राहतं. पण ४० अंशांच्या वर गेलेल्या खोलीत कोंबडी न बसताच अंड्यातली वाढ सुरू होते, अर्धवट चालते आणि नासते. म्हणून उबवायची अंडी माठाशेजारी ओल्या वाळूवर ठेवायची, आणि शक्यतो उन्हाळ्यात कोंबडी बसवायचीच नाही.

हे थांबून राहणं ही मोठी युक्ती आहे. कोंबडी साधारण दिवसाआड घालते, कधी लागोपाठ. दहा-बारा अंडी जमायला पंधरा-वीस दिवस जातात. पहिल्या अंड्यातलं पिल्लू लगेच वाढू लागलं असतं, तर ते बाहेर पडून शेवटच्याच्या डोक्यावर नाचलं असतं. पण सगळी थांबून राहतात. आई खुडूक होऊन बसली, की सगळ्यांचा दिवस एकाच वेळी उगवतो. एकविसाव्या दिवशी सगळी मिळून बाहेर.

खुडूक. किती नेमका शब्द आहे! कोंबडीचा आवाज बदलतो, पिसं फुलतात, खाणं सुटतं, जवळ गेलं की चोच मारते. छातीवरची पिसं गळून उघडी गरम कातडी अंड्यांना लागते. हे सगळं प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचं काम. आपल्याकडच्या आईच्या अंगात दूध आणतो तोच हा रेणू. टोपलीत तणस पसरून, निरगुडीचा किंवा सीताफळाचा पाला घालून तिची जागा केली जाते. त्या वासाने उवा-पिसवा लांब राहतात. विजेच्या कडकडाटाने अंडी वाया जातात असं मानून टोपलीत लोखंडाचा तुकडा किंवा कोळसाही ठेवतात. पाल्याचं कारण मला पटतं, लोखंडाचं कळत नाही. पण ज्या बाईच्या बारातली अकरा पिल्लं निघतात तिच्याशी वाद घालायला मी जाणार नाही.

बसलेली कोंबडी दिवसातून अनेकदा चोचीने अंडी फिरवते. न फिरवली तर आतलं पिल्लू पडद्याला चिकटतं. दिवसातून एकदा, दहा-वीस मिनिटं ती उठते, खाते, पाणी पिते, राखेत अंग घोळते आणि परत येते. ही छोटीशी सुट्टी फुकट जात नाही. शेवटच्या दिवसांत अंड्यातल्या पिल्लाची मान अशी वळलेली असते, की डावा डोळा स्वतःच्याच अंगाने झाकला जातो आणि उजवा कवचाकडे असतो. आई उठली की कवचातून झिरपलेला उजेड एकट्या उजव्या डोळ्याला मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या लेस्ली रॉजर्स यांनी हे उलगडलं. तेवढ्या उजेडावर पिल्लाच्या मेंदूची वाटणी होते. उजवा डोळा दाणा आणि खडा वेगळा ओळखायला शिकतो आणि डावा आभाळातल्या घारीवर नजर ठेवायला. म्हणून पिल्लू खातानाही सावध राहू शकतं. पूर्ण अंधारात उबवलेल्या पिल्लांत ही वाटणी नीट होत नाही. आई पाणी प्यायला उठते आणि त्यानेच लेकरू दोन कामं एकदम करायला शिकतं.

निघायच्या आधी एक-दोन दिवस अंडी बोलू लागतात. कानाशी धरलं की आत चिवचिव ऐकू येते, आणि आई खालच्या सुरात कुक्-कुक् करून त्यांना गप्प करते. फुटायच्या आधी पिल्लू उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेतं. ही त्याची शिदोरी. त्या जोरावर ते दोन दिवस दाण्यावाचून राहतं, म्हणून मागे राहिलेल्या भावंडांसाठी आई थांबू शकते. कारखान्यात जन्मलेली एका दिवसाची पिल्लं खोक्यात भरून शेकडो किलोमीटर पाठवतात, तीही याच शिदोरीवर.

आणि नेमका हाच खुडूकपणा माणसाने कारखान्यातल्या कोंबड्यांतून काढून टाकला. बसलेली कोंबडी अंडी देत नाही, म्हणून ती निवडीत बाद होत गेली. आजच्या पिंजऱ्यातल्या कोंबडीला वर्षाला तीनशेच्या वर अंडी घालता येतात, बसता मात्र येत नाही. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसबागेसाठी काढलेली 'वनराजा' गावठीपेक्षा दुप्पट अंडी देते, वजनाने भरते, दिसायलाही देखणी. पण तिचं बी गावात तयार होत नाही. पिल्लं पुन्हा विकत आणायची. गावठी कोंबडी वर्षाला जेमतेम पन्नास-साठ अंडी देते, म्हणून योजनांच्या कागदावर ती हरते. वाडीतल्या बाईचा हिशेब वेगळा. ती वनराजाची अंडी गावठी खुडूक कोंबडीखाली ठेवते. आजीकडून सुनेचं बाळंतपण करवून घ्यावं, तसं. २०१९च्या पशुगणनेत देशात ८५ कोटींच्या वर कोंबड्या-बदकं मोजली गेली. त्यांतली ३१ कोटी ७० लाख परसातली होती, आणि ही परसातली संख्या सात वर्षांत जवळपास ४६ टक्क्यांनी वाढली होती. पिंजऱ्यांच्या काळात परस वाढतं आहे, हे मला तरी अपेक्षित नव्हतं.

या भागात घरामागच्या तुकड्याला सांदवाडी म्हणतात. तिथे कोंबडीला मज्जाव. सांभार, म्हणजे कोथिंबीर, पेरून बोटभर वर आला आणि कोंबड्या शिरल्या, तर दहा मिनिटांत सारं साफ. म्हणून बांबूच्या कामट्यांचं कुंपण, त्यावर चढवलेला वाल आणि दोडका, कोपऱ्यात मुंगणा (शेवगा), सांडपाण्याच्या ओलीवर धोपा (अळू), मध्ये वांगी, मिरची, बरबटी, अंबाडी. कोंबडी बाहेर, तिचं खत आत. त्या विष्ठेवर पांढरी टोपी असते, ती नीट बघण्यासारखी आहे. पक्षी आपल्यासारखी लघवी करत नाहीत, नायट्रोजन पांढऱ्या लगद्याच्या रूपात बाहेर टाकतात. कारण पुन्हा अंड्यातच. बंद कवचात वाढणाऱ्या जिवाने पाण्यात विरघळणारी घाण साठवली असती तर तिनेच तो मेला असता. न विरघळणारा लगदा कोपऱ्यात पडून राहतो. अंड्यातली ती निकड पुढे वांग्याच्या झाडाला उपयोगी पडते. ताजं खत फार तेज असतं, मुळं जाळतं. उकिरड्यावर महिनोन् महिने कुजवून मगच ते वाफ्यात जातं.

पिल्लांचं पहिलं मोठं जेवण म्हणजे उधई, अर्थात वाळवी. रानातल्या वारुळाचा तुकडा फोडून आणायचा, अंगणात आपटायचा. पंधरा पिल्लं तुटून पडतात. वाळवी म्हणजे प्रथिनांची पोतडी. पण ही वाळवी स्वतः शेतकरी आहे. झाडपाला चावून वारुळाच्या पोटात ती त्याचे वाफे रचते आणि त्यावर बुरशी लावते. अशी शेती ती काही कोटी वर्षं करत आली आहे. आपली सारी मिळून दहा-बारा हजार वर्षांची. पावसाळ्यात त्याच बुरशीच्या छत्र्या वारुळावर उगवतात. त्या म्हणजे इकडच्या सात्या. बाजारात पानाच्या द्रोणात त्यांचे वाटे लागतात आणि भाव मटणाशी स्पर्धा करतो. शेजारी वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. वाळवीचं पीक माणूस खातो, वाळवी कोंबडी खाते, आणि कोंबडी कोण खातं ते पुढे येतंच.

निवडीचं काम या सांदवाड्यांत रोज चालतं. कोणत्या कोंबडीची अंडी बसवायची, कोणतं कोहळं बियांसाठी वेलावर ठेवायचं, कोणत्या लोंब्या वेगळ्या बांधायच्या. त्याला कुणी संशोधन म्हणत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३मध्ये आपल्या 'पटेल ३' धानाच्या बांधीत काही वेगळ्या लोंब्या पाहिल्या, त्या बाजूला काढल्या आणि पुढची काही वर्षं वेगळ्या पेरत राहिले. त्यातून जो बारीक, चवदार तांदूळ निघाला त्याला नाव मिळालं त्या काळच्या मनगटी घड्याळाचं, एचएमटी. जमीन दीड एकर. हा तांदूळ राज्याराज्यांत पसरला. २००५मध्ये त्यांचा राष्ट्रीय नवप्रवर्तन पुरस्काराने सन्मान झाला, २०१८मध्ये ते गेले. दुकानात एचएमटीची थैली उचलणाऱ्या किती जणांना हे नाव माहीत असतं?

आता कोंबडी कोण खातं ते. मुंगूस, शिक्रा, धामण, रानमांजर, आणि ताडोबाच्या आसपास बिबट्यासुद्धा. कोंबडीसाठी घरात शिरलेला बिबट्या आतच अडकला, अशा बातम्या इकडे नव्या नाहीत. यावर कोंबड्यांची भाषा आहे. आभाळातून येणाऱ्या शत्रूसाठी कोंबडा एक बारीक, लांबट शीळ घालतो. ती कुठून आली ते घारीला कळत नाही. जमिनीवरच्या शत्रूसाठी मात्र मोठ्याने कट्-कट्-कट् असा आरडाओरडा. अमेरिकेत पीटर मार्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबड्यांना हे आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकवले. घारीसाठीची शीळ ऐकून त्या दबल्या आणि वर बघू लागल्या, दुसरी हाक ऐकून मान ताठ करून आडवं बघू लागल्या. म्हणजे हे नुसतं भ्यायल्याचं ओरडणं नव्हतं. कोणत्या बाजूने मरण येतं आहे याची ती बातमी होती. खाऊ सापडल्याचीही कोंबड्याची खास हाक असते. कोंबडी लांब असेल तर कधी कधी तो काही न सापडताही ती देतो. पुढचं सांगायला नको.

एका शत्रूसाठी मात्र त्यांच्याकडे हाक नाही. मानमोडी आली की आठवड्यात अंगण रिकामं होतं. माना पिळवटतात, हिरवट हगवण लागते, आणि पंधरा कोंबड्यांतली एखादीच राहते. १९२६मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला हा रोग पहिल्यांदा नोंदला गेला. भारतात तो सापडला राणीखेतला, म्हणून आपल्याकडे तेच नाव रूढ झालं. पिल्लू आठवड्याचं झालं की डोळ्यात लसीचा एक थेंब, इथून काम सुरू होतं. अडचण थेंबाची नाही, थंडाव्याची. लस बर्फात राहिली पाहिजे, वीज गेली की ती गेली, आणि कुपी फोडली की शंभर-शंभर पिल्लांना पुरते, तर घरात पिल्लं बारा. सगळा गाव एकाच दिवशी पिल्लं घेऊन बसला तरच ते गणित जुळतं.

याहून वेगळी साथ दिवाळीनंतर येते. धान घरात आलं की गावोगाव मंडई भरते, झाडीपट्टीची नाटकं वडशाहून निघून गावोगावच्या मांडवांत रात्र जागवतात, लेकी-जावई, सोयरेधायरे मुक्कामी येतात. जावयाला वरण वाढायचं नसतं. त्या महिन्यात कोंबड्यांची गणती दर सकाळी उतरत जाते. देवाचाही वाटा असतो. गोंड घरांत नैवेद्याच्या कोंबडीपुढे तांदूळ टाकतात. तिने टिपले तर देवाने मान्य केलं, नाही टिपले तर थांबायचं. त्या क्षणी तिला भूक नसावी, असं मला दर वेळी वाटतं. कोंबड बाजारात पायाला काती बांधून झुंजवले जाणारे कोंबडे हा आणखी एक वाटा. कायद्याने बंदी आहे, पोलिसांच्या धाडी पडतात, तरी झाडीत खेळ रंगतो. लढाऊ 'असील' जातीचं माहेर शेजारीच, बस्तर आणि आंध्राच्या बाजूला. त्या खेळाचं कौतुक मला करवत नाही.

संध्याकाळ झाली की अंगणात "या, या, या" अशी हाक जाते आणि कणकी भिरकावली जाते. सगळ्या धावत येतात. पिल्लांची आई डालग्याखाली, मोठ्या कोंबड्या खुराड्यात. दोन-तीन तलंगा मात्र ऐकत नाहीत. त्या चिंचेखाली उभ्या राहून मान तिरकी करतात, एक डोळा फांदीवर लावतात, आणि फडफडत वर जातात. आधी खालची फांदी, मग तिच्यावरची. त्यांची पणजी जिथे झोपायची तिथे. बाई खालून दोन शिव्या देते आणि मोजायला लागते. नऊ, दहा, अकरा. कबरी नाही. आठ-दहा दिवसांपासून ती नीट दिसलेलीच नाही. रोज दुपारी कुठून तरी धावत येते, घाईघाईने दाणे टिपते आणि कुंपणापलीकडच्या झुडपात नाहीशी होते. मुंगसाने नेली असेल का, असं विचारलं तर बाई डालग्यावर दगड ठेवत म्हणते, "नाही जी. बसली असन कुठंतरी."